रीलमधला राक्षस आणि डोक्यावरची तार: इंजिनाची ताकद नेमकी कशी ओळखायची?

विसरवाडीत रेल्वे नाही. गाव सुरत-धुळे महामार्गावर आहे, पूर्वेला कोंडाईबारी घाट आहे आणि इथे दिवसरात्र जो आवाज ऐकू येतो तो ट्रकचा. गाडी पकडायची तर नवापूर, चिंचपाडा किंवा खांडबाऱ्याला जावं लागतं. तरीही विसरवाडीच्या एखाद्या टपरीवर चहा पीत बसलेल्या मुलाच्या फोनवर जगातलं सगळ्यात प्रसिद्ध अजस्र वाफेचं इंजिन धुराचा लोट सोडत जाताना दिसतं. पुढचं रील काळा धूर ओकणाऱ्या आपल्या जुन्या डिझेल इंजिनाचं. त्याच्या पुढचं १२,००० हॉर्सपॉवरच्या नव्या विजेच्या इंजिनाचं. कमेंटमध्ये भांडण ठरलेलं: "भाई, असली पॉवर कोणाची?"

प्रश्न चांगला आहे, पण उत्तर रीलमध्ये मिळत नाही. कारण रील दाखवतं ते धूर, आवाज आणि आकार. इंजिनाची खरी ताकद मात्र गेल्या पन्नास-साठ वर्षांत डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींतून न दिसणाऱ्या गोष्टींत गेली आहे. ताकदीसोबत धोकाही तसाच न दिसणारा झाला आहे. हे दोन्ही समजून घेऊ.

आत्ताच हा विषय का?

कारण तिन्ही पिढ्यांची इंजिनं एकाच वेळी बातम्यांत आहेत.

पहिली वाफेची. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक कंपनीचं 'बिग बॉय' नंबर ४०१४ हे १९४१ सालचं इंजिन २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा रुळावर आलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०२६ मध्ये २५० वर्षं होतात, त्यानिमित्त त्याचा मोठा दौरा कंपनीने जाहीर केला. तेव्हापासून त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फीडमध्ये आहेत.

दुसरी डिझेलची. भारतात ब्रॉडगेजचं विद्युतीकरण ९९ टक्क्यांच्या आसपास पोहोचलंय. मध्य रेल्वेने आपलं ब्रॉडगेजचं काम फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड-लातूर रोड या टप्प्यासह संपवलं. कोकण रेल्वेचा पूर्ण विजेवरचा मार्ग जून २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. म्हणजे ज्या डिझेल इंजिनांच्या आवाजावर एक अख्खी पिढी वाढली, ती मुख्य मार्गांवरून बाजूला होत आहेत. गंमत अशी की त्याच वेळी आपण डिझेल इंजिनं बाहेर विकतोय. बिहारमधल्या मढौरा कारखान्यातून आफ्रिकेतल्या गिनी देशासाठी ४,५०० हॉर्सपॉवरची इंजिनं पाठवायला जून २०२५ मध्ये सुरुवात झाली.

तिसरी विजेची. मे २०२५ मध्ये गुजरातमधल्या दाहोद इथे ९,००० हॉर्सपॉवरच्या मालगाडी-इंजिनांचा कारखाना सुरू झाला. दाहोदची जुनी कार्यशाळा १९२६ मध्ये उभी राहिली ती वाफेच्या इंजिनांच्या दुरुस्तीसाठी. एकाच गावाने शंभर वर्षांत तिन्ही युगं पाहिली.

आपल्या भागातही हा बदल ताजाच आहे. तापी खोऱ्यातली सुरत-नंदुरबार-अमळनेर ही लाइन १९०० च्या सुमारास किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली उभी राहिली. उधना ते जळगाव या ३०६ किलोमीटरच्या दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाचं लोकार्पण १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यातून झालं. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या मुलांनी लहानपणी या लाइनवर डिझेल पाहिलंय आणि आता ते वरची तार पाहतायत.

हॉर्सपॉवर म्हणजे काय, आणि काय नाही?

कोंडाईबारी घाटात भरलेला ट्रक चढताना बघा. ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये टाकतो. इंजिन ओरडतं, ट्रक मुंगीच्या चालीने वर जातो, पण जातो. तोच ट्रक सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये सत्तरने पळतो. इंजिन तेच, हॉर्सपॉवर तेवढीच. घाटात तिचा उपयोग ओढ वाढवायला झाला, सपाटीवर वेग वाढवायला.

म्हणजे इंजिनाला दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. एक, किती जोराने ओढतोस? दोन, तेवढ्या जोराने ओढताना किती वेगाने पळतोस? पहिल्याचं उत्तर म्हणजे ओढशक्ती. ती टनांत किंवा किलोन्यूटनमध्ये मोजतात. ओढशक्ती आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे हॉर्सपॉवर.

आता मजा बघा. थांबलेली मालगाडी हलवायच्या अगदी पहिल्या क्षणी वेग शून्य असतो. गुणाकार शून्य. म्हणजे १२,००० हॉर्सपॉवरचं इंजिनसुद्धा त्या क्षणी शून्य हॉर्सपॉवर वापरत असतं! तिथे कामाला येते ती फक्त ओढ.

एक कागदावरचा हिशोब करू. ४,००० टनांची मालगाडी १०० मीटरला १ मीटर अशा चढावर उभी आहे. नुसतं मागे घसरू नये म्हणून ४० टन ओढ हवी. चाकांचं घर्षण वगैरे धरून अजून आठ-दहा टन. म्हणजे गाडी हलवायला साधारण ५० टन ओढ लागणार. आता उमेदवार बघा.

- डब्ल्यूडीएम-२: आपलं जुनं, लाडकं 'अल्को' डिझेल. २,६०० हॉर्सपॉवर, सुरुवातीची ओढ सुमारे ३० टन. एकट्याला जमणार नाही, दोन जोडावी लागतील.
- डब्ल्यूडीजी-४: नंतरचं डिझेल. ४,००० हॉर्सपॉवर, ओढ सुमारे ५४ टन. एकटं कसंबसं हलवेल.
- बिग बॉय: ओढ सुमारे ६१ टन, खेचतानाची ताकद ६,३०० हॉर्सपॉवरच्या आसपास. हलवेल.
- डब्ल्यूएजी-१२बी: बिहारमधल्या मधेपुरा इथे बनणारं विजेचं जोड-इंजिन. १२,००० हॉर्सपॉवर, ओढ सुमारे ७२ टन. आरामात हलवेल.

गाडी हलली. आता हॉर्सपॉवरची पाळी येते. तेवढ्याच ओढीने चढ चढताना डब्ल्यूडीजी-४ साधारण ताशी २० किलोमीटरवर अडकेल, डब्ल्यूएजी-१२बी ६० च्या पुढे जाईल. फरक एका गाडीपुरता नाही. मागच्या दहा गाड्यांना वाट मोकळी मिळते की नाही, हे त्यावर ठरतं. मालगाडी चढावर रांगत असेल तर तिच्या मागची पॅसेंजर कुठल्यातरी छोट्या स्टेशनवर बाजूच्या लाइनीत उभी राहते. सुरतेला कामाला जाणाऱ्या माणसाची पाळी चुकते ती अशी. मोठ्या इंजिनाचा फायदा रीलवाल्याआधी त्या माणसाला आहे.

खरी गोष्ट चिखलातल्या ट्रॅक्टरने सांगितली आहे

वरच्या यादीत एक कोडं लपलंय. बिग बॉयचं नुसतं इंजिन सुमारे ३४५ टन वजनाचं. कोळसा-पाण्याचा मागचा टेंडर भरला की एकूण ५४० टनांच्या पुढे. लांबी चाळीस मीटर. डब्ल्यूएजी-१२बी फक्त १८० टन. तरी ओढ जास्त कोणाची? हलक्याची. असं कसं?

शेतात ट्रॅक्टर चालवणाऱ्याला याचं उत्तर माहीत असतं. पावसाळ्यात काळ्या जमिनीत ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर अडकला की अ‍ॅक्सिलरेटर दाबून उपयोग होत नाही. चाक जागच्या जागी फिरतं आणि खड्डा खोल होत जातो. ताकद आहे, पकड नाही. म्हणून लोक मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, वजन वाढवतात. वजन वाढलं की चाक जमिनीला धरतं.

रेल्वेत तर लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर. एका चाकाचा रुळाशी स्पर्श साधारण एका नाण्याएवढ्या जागेत असतो. इंजिन कितीही ताकदवान असलं तरी चाक जेवढं रुळाला धरेल तेवढीच ओढ मिळते. आणि हे धरणं दोनच गोष्टींवर ठरतं: फिरवल्या जाणाऱ्या चाकांवर किती वजन आहे आणि त्या वजनाचा किती हिस्सा पकडीत बदलतो.

बिग बॉयच्या चाकांची रचना ४-८-८-४ अशी आहे. पुढची ४ आणि मागची ४ चाकं फक्त भार वाहतात आणि वळणावर वाट दाखवतात. मधली १६ चाकं ओढतात. त्या १६ चाकांवर सुमारे २४५ टन वजन येतं आणि त्यातून ६१ टन ओढ मिळते. म्हणजे पकड २५ टक्के.

डब्ल्यूएजी-१२बी लाही चाकं सोळाच! पण सगळीच्या सगळी ओढणारी. १८० टन वजनातून ७२ टन ओढ. पकड ४० टक्के.

डिझेलमध्येही हेच दिसतं. डब्ल्यूडीएम-२ चं वजन सुमारे ११३ टन, ओढ ३० टन, म्हणजे पकड २७ टक्के. वाफेच्या इंजिनापेक्षा फार वेगळी नाही. डब्ल्यूडीजी-४ चं वजन १२६ टन, ओढ ५४ टन. पकड एकदम ४० टक्क्यांच्या वर.

रूळ तेच, चाक तसंच. मग मधे काय बदललं?

इंजिनाच्या पोटातला 'फोन'

आधी एक गैरसमज दूर करू. डिझेल रेल्वे इंजिनात डिझेल थेट चाक फिरवत नाही, निदान आपल्या मोठ्या इंजिनांत तरी नाही. डिझेल जळून एक जनरेटर फिरतो, त्याची वीज तयार होते आणि ती वीज धुऱ्यांवरच्या मोटरींना जाते. म्हणजे डिझेल इंजिन हे स्वतःचं वीजकेंद्र पाठीवर घेऊन फिरणारं विजेचंच इंजिन आहे.

जुन्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये साध्या डीसी मोटरी होत्या. एखादं चाक घसरायला लागलं की ते सुसाट फिरायचं. मग ड्रायव्हरने नॉच कमी करायची, रुळावर वाळू सोडायची, पुन्हा हळूहळू वाढवायचं. हो, वाळू. इंजिनात वाळूच्या पेट्या असतात आणि चाकापुढे वाळू सोडायची सोय असते. आजच्या इंजिनातही ती आहे. या सगळ्या कामात माणसाचा कान आणि हात हेच सेन्सर होते.

नव्या इंजिनांत थ्री-फेज एसी मोटरी आहेत आणि त्यांना वीज पुरवणारे मोठे सेमीकंडक्टर स्विच. तुमच्या फास्ट चार्जरमध्ये विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवं ते व्होल्टेज बनवणारा छोटा भाग असतो. त्याचाच हा पैलवान भाऊ समजा. सोबत कॉम्प्युटर. तो धुऱ्यांचा वेग सतत मोजतो. चाक घसरतंय असं दिसताच सेकंदाच्या छोट्या भागात मोटरीचा जोर जरासा कमी करतो आणि लगेच परत वाढवतो. चाक पूर्ण घसरतही नाही आणि पूर्ण धरूनही राहत नाही, अगदी काठावर सरकत राहतं. लोखंडाला लोखंड सगळ्यात जास्त तिथेच धरतं.

हा काठ वाफेच्या काळातही होता, पण तिथे टिकून राहणं माणसाच्या हाताला शक्य नव्हतं. म्हणून बिग बॉयला वजन वाढवत नेऊन जे मिळवावं लागलं, ते आजचं इंजिन बरंचसं मोजमाप आणि नियंत्रणातून मिळवतं. चाळीस मीटरच्या लोखंडाला हरवलं ते हातात मावणाऱ्या सिलिकॉनने. पण याचं रील कसं बनवणार? बाहेरून दिसतो फक्त एक डबा आणि ऐकू येतो चढत जाणारा एक सूर.

काळा धूर म्हणजे ताकद?

अल्को डिझेलची रीलं सगळ्यात जास्त चालतात ती धुरामुळे. स्टेशन सोडताना काळा ढग, त्यात 'धडक-धडक' असा ताल. रेल्वेप्रेमी त्यावर जीव टाकतात आणि ते समजूही शकतं.

पण तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ड्रायव्हरने नॉच वाढवली की सिलिंडरमध्ये इंधन लगेच जास्त जातं. जास्त हवा पुरवणारा टर्बो मात्र वेग घ्यायला काही क्षण लावतो. तेवढा वेळ इंधन जास्त, हवा कमी. अर्धवट जळलेलं कार्बन बाहेर. म्हणजे ढग जितका काळा, तितकं त्या क्षणी वाया चाललेलं. डब्ल्यूडीजी-४ मधल्या टर्बोला सुरुवातीला गिअरने फिरवायची सोय आहे, म्हणून ते असा ढग सोडत नाही.

तरी अल्कोबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फार कमी जणांना माहीत असते. बिग बॉय बनवणारी कंपनी कोणती? अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे अल्को. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी या गावी तिने १९४१ ते १९४४ मध्ये २५ बिग बॉय बनवले. कारखान्यातल्या कोणा अनाम कामगाराने इंजिनाच्या तोंडावर खडूने 'बिग बॉय' लिहिलं आणि तेच नाव चिकटलं. त्याच कंपनीच्या आराखड्याची डब्ल्यूडीएम-२ इंजिनं १९६२ पासून भारतात आली. १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली आणि अडीच हजारांहून जास्त बनली. कल्याण आणि पुण्याच्या डिझेल शेडमुळे महाराष्ट्राला त्यांचा आवाज पाठ झाला. स्वतः अल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं, पण तिच्या आराखड्यावर आपण पुढे अनेक दशकं चाललो. रीलमधला अमेरिकन राक्षस आणि लहानपणी पाहिलेलं डिझेल इंजिन हे सख्खे नातेवाईक आहेत.

मग कोळसा गेला का?

'विजेचं म्हणजे स्वच्छ' हे वाक्य अर्धं खरं आहे. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा-आठ टक्के ओढीत बदलायचं, बाकी धुराड्यातून आकाशात. फायरमन भट्टीसमोर उभा राहून तासन्‌तास फावड्याने कोळसा टाकायचा आणि त्यातला बहुतेक वाया जायचा. बिग बॉयला तर हाताने कोळसा पुरवणं शक्यच नव्हतं, त्यासाठी यांत्रिक सोय होती. आता तो तेलावर चालतो.

भारतातली बरीचशी वीज आजही कोळशातूनच येते. उकाईच्या औष्णिक वीजकेंद्रासाठी कोळसा रेल्वेनेच येतो. फरक एवढा की औष्णिक केंद्र त्याच कोळशातून कितीतरी पट जास्त काम काढतं, धूर एका जागी निघतो आणि उद्या ती वीज सूर्यापासून आली तर इंजिन बदलावं लागत नाही. कोळसा इंजिनाच्या भट्टीतून निघून तारेच्या दुसऱ्या टोकाला गेलाय. म्हणजे इथेही तेच झालं: जे दिसत होतं ते नजरेआड गेलं.

फीडमधलं इंजिन खरं आहे का?

सध्या एआयने बनवलेले 'जगातलं सर्वात मोठं इंजिन' छाप व्हिडिओ सर्रास फिरतायत. इमारतीएवढं इंजिन, शंभर चाकं, कोट्यवधी व्ह्यूज. शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा.

१. नंबर. बिग बॉय फक्त २५ बनले, नंबर ४००० ते ४०२४. आज त्यातला ४०१४ हाच एक धावतो. दुसऱ्या नंबरचा बिग बॉय आज धावताना दिसला तर व्हिडिओ खोटा.

२. चाकं आणि दांडे. वाफेच्या इंजिनात ओढणाऱ्या चाकांच्या एका गटाला जोडणारे लोखंडी दांडे त्या चाकांसोबत एका तालात फिरतात. एआयच्या व्हिडिओत ते मधेच वितळतात, चाकांची संख्या बदलते, दांडा हवेत सुटतो.

३. रूळ आणि आजूबाजूची माणसं. रुळांमधलं अंतर आणि माणसाची उंची यांचा मेळ बसतो का? आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आहे, म्हणजे साधारण एका माणसाच्या उंचीएवढा. इंजिन त्याच्या पाच-सहा पट रुंद दिसत असेल तर ते कुठल्याच पुलाखालून जाणार नाही.

खऱ्या इंजिनांची गोष्ट एवढी भन्नाट असताना खोट्याची गरजही नाही. भारतातली सगळ्यात मोठी वाफेची इंजिनं बंगाल नागपूर रेल्वेची 'गॅरेट' होती, २३० टनांच्या वर. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूरच्या 'शकुंतला'ला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं छोटं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होतं. सत्तरहून जास्त वर्षं! ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी भारतात ६ डिसेंबर १९९५ ला बंद झाली. नॅरोगेजची जुनी इंजिनं बघायची असतील तर नागपूरचं मोतीबाग संग्रहालय आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: डोक्यावरची तार

वाफेचं इंजिन लांबून कळायचं. धूर दिसायचा, शिट्टी ऐकू यायची, रूळ थरथरायचे. डिझेलही एक-दोन किलोमीटरवरून ओळखू यायचं. आपल्या गावाकडच्या मोठ्या माणसांनी रेल्वेजवळ वावरण्याची जी सवय शिकवली ती या आवाजाच्या भरवशावर. 'ऐकू आली की बाजूला हो.' डिझेलच्या काळात यार्डात उभ्या मालडब्यावर चढणं हा धाडसाचा खेळ होता. पडलास तर हात मोडेल, एवढीच भीती.

ती सवय आता जीव घेते. हिशोब साधा आहे. तार रुळापासून साधारण साडेपाच मीटरवर. मालडब्याचं छत चारेक मीटरवर. त्यावर दीड-पावणेदोन मीटरचा मुलगा उभा राहिला की त्याचं डोकं तारेच्या उंचीला पोहोचतं. हातात फोन वर धरला तर पुढेच. तारेत २५,००० व्होल्ट असतात, घरातल्या विजेच्या शंभरपटीहून जास्त. हात लागायचीही गरज नाही, जवळ गेलं की हवेतून ठिणगी उडी मारते. म्हणून रेल्वेचा नियम तारेपासून किमान दोन मीटर लांब राहण्याचा आहे. दोन मीटर लांब राहायचं तर मालडब्याच्या छतावर उभं राहता येतच नाही. शिडीवरही नाही.

आणि तार गाडी नसतानाही जिवंत असते. दिसत नाही, आवाज करत नाही, हलत नाही. देशभरात उभ्या डब्यावर सेल्फीसाठी चढून मुलं भाजल्याच्या, गेल्याच्या बातम्या येत राहतात. त्यात बहुतेक वेळा गाडी अंगावर आलेली नसते. आलेली असते ती तार.

रुळावर उभं राहून रील काढणाऱ्यांचंही तसंच. विजेचं इंजिन वळणापलीकडून जवळजवळ गुपचूप येतं. कानात इअरफोन असेल तर संपलंच. भरधाव, भरलेल्या मालगाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला एक किलोमीटरच्या आसपास लागू शकतं, म्हणजे ड्रायव्हरने तुम्हाला पाहिलं तरी तो काही करू शकत नाही. तो फक्त हॉर्न वाजवू शकतो आणि पुढे आयुष्यभर ते आठवू शकतो. रुळावर विनापरवाना शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हाही आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडाची भीती दाखवून काय होणार? वरचा साडेपाच मीटरचा हिशोब एकदा नीट लक्षात राहिला तर पुरे.

मग इंजिनप्रेमींनी काय करायचं?

प्रेम सोडायचं नाही. जागा आणि पद्धत बदलायची.

नवापूरचं स्टेशन यासाठी मस्त आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. सुमारे ८०० मीटरच्या फलाटातले ३०० मीटर आपले आणि ५०० मीटर त्यांचे. दोन राज्यांची सीमा जिथून जाते तिथल्या बाकावर बसून, फलाटाच्या पिवळ्या रेषेच्या आत राहून, एकाच फ्रेममध्ये दोन राज्यांतून जाणारी मालगाडी टिपता येते. इंजिनाच्या अंगावरचा वर्ग आणि पाच आकडी नंबर टिपा, तारीख-वेळ लिहा. डिझेल दिसलं तर नक्कीच. डिझेल उद्या पूर्ण नाहीसं होणार नाही. तार तुटली, पूर आला, वीज गेली, यार्डात डबे हलवायचे असले की ते लागतंच. पण मुख्य लाइनवर मोठी गाडी ओढणारं डिझेल दरवर्षी कमी दिसेल. आज काढलेला साधा, खरा, तारखेसह ठेवलेला व्हिडिओ दहा वर्षांनी पुरावा असेल.

आणि एक गोष्ट जी कोणाच्याच फीडमध्ये नाही. नंदुरबार, अमळनेर, भुसावळ या पट्ट्यात रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं घरोघरी आहेत. कोणी फायरमन होते, कोणी शेडमध्ये खलाशी, कोणी डिझेलवर असिस्टंट. चाक घसरतंय हे त्यांना पायाखालच्या थरथरीवरून कळायचं. वाळू कधी सोडायची, नॉच कधी कमी करायची, पावसात चढ कसा काढायचा, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. तेच काम आता इंजिनातला कॉम्प्युटर करतो आणि तो त्याबद्दल कोणाला काही सांगत नाही. ही माणसं सांगू शकतात. वाफेवर प्रत्यक्ष काम केलेल्यांची शेवटची पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

त्यांच्यासमोर फोन ठेवा, व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि एवढंच विचारा: "आजोबा, भरलेली गाडी चढावर घसरायला लागली की तुम्ही काय करायचात?"

पुढचा अर्धा तास तुम्हाला मधे बोलावं लागणार नाही.